चाचणीची प्रतिसृष्टी

नाटकाचा पहिला प्रयोग होण्यापूर्वी त्याची रंगीत तालीम होते. वेष, पडदे, दिवे, वाद्ये सारे खरे. प्रेक्षक तेवढे नसतात. अवाढव्य संगणकप्रणालींनाही अशीच तालीम द्यावी लागते. अग्निबाणाचे किंवा विमानाचे नियंत्रण करणाऱ्या आज्ञावलीची पहिली परीक्षा प्रत्यक्ष उड्डाणातच घेणे परवडत नाही. म्हणून त्या यंत्राभोवतीच्या जगाची एक प्रतिसृष्टी प्रयोगशाळेत उभारतात आणि आज्ञावलीला तीत वावरू देतात. या प्रतिसृष्टीत काय खरे असावे आणि कशाची नक्कल चालेल, हा निर्णय वरवर किरकोळ वाटतो. १९९६ साली युरोपातील अभियंत्यांना त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली.

त्या वर्षी ४ जून रोजी, स्थानिक वेळेप्रमाणे सकाळी साडेनऊच्या सुमारास, दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियाना प्रांतात कुरू येथून ‘एरियान ५’ या नव्या अग्निबाणाने प्रथमच झेप घेतली. त्यात ‘क्लस्टर’ नावाचे चार वैज्ञानिक उपग्रह होते. सुमारे सदतीस सेकंद सर्व सुरळीत चालले. मग सुमारे ३,७०० मीटर उंचीवर अग्निबाण एकाएकी वाट सोडून कलला, मोडला आणि नष्ट झाला.

अग्निबाणाचे तोंड कोणीकडे आहे आणि तो किती वेगाने चालला आहे, हे सांगणारे दोन दिग्दर्शक त्यावर बसविलेले होते. एक कामावरचा, दुसरा राखीव. त्यांची आज्ञावली बहुतांशी आधीच्या ‘एरियान ४’ची होती. क्षितिजसमांतर वेगाशी निगडित अशी एक राशी ही आज्ञावली ६४ बिटांच्या रूपातून १६ बिटांच्या पूर्णांकात बदलीत असे. अशा पूर्णांकात ३२,७६७ च्या पुढची संख्या मावत नाही. जुन्या अग्निबाणाच्या उड्डाणात ती मर्यादा कधी गाठली जात नसे. नव्याचा क्षितिजसमांतर वेग मात्र पाचपट झपाट्याने वाढत होता. विशेष हे की, ज्या हिशेबासाठी हे रूपांतर चाले, त्याची ‘एरियान ५’ला जमीन सोडल्यावर काहीच गरज नव्हती. जुन्या अग्निबाणाच्या सोयीसाठी ठेवलेला तो हिशेब कोणी काढून टाकला नाही, इतकेच. राखीव दिग्दर्शक आधी बंद पडला. पाठोपाठ, त्याच कारणाने, कामावरचाही. बंद पडताना त्याने पाठविलेला बिघाडाचा संदेश मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचला, आणि न झालेली चूक दुरुस्त करण्यासाठी इंजिनांची तोंडे पूर्ण वळविली.

हे तालमीत का दिसले नाही? तालमी तर पुष्कळ झाल्या होत्या. उड्डाणनियंत्रणाच्या यंत्रणा एकत्र जोडून पाहण्यासाठी एक स्वतंत्र प्रयोगशाळाच होती. परंतु तेथे दिग्दर्शक खरे नव्हते. त्यांच्या जागी त्यांच्या वर्तनाची नक्कल करणारी आज्ञावली चालविली जाई. यामागची कारणे पोकळ नव्हती. दिग्दर्शकांची स्वतंत्र परीक्षा आधी झाली होती. त्यांना हवे तितके अचूक कृत्रिम संकेत पुरविणे प्रयोगशाळेतील विद्युत्-साधनांना जमत नव्हते. शिवाय बिघाडांचे सोंग नकली दिग्दर्शकाकडून सहज करवून घेता येते, खऱ्याकडून नाही. एकेक कारण पटण्याजोगे; पण परिणाम असा झाला की, बदली नटाने संहितेतील वाक्ये बिनचूक म्हटली आणि मूळ नटाला ती भूमिका झेपते की नाही, हे कोणालाच कळले नाही. दिग्दर्शकाच्या स्वतंत्र परीक्षेतही ही उणीव भरून निघाली नाही, कारण त्याच्या मागणीपत्रात ‘एरियान ५’च्या उड्डाणमार्गाची आकडेवारी घातलेलीच नव्हती. फिरत्या मंचावर दिग्दर्शक बसवून त्यात त्या मार्गाचे प्रवेगसंकेत सोडले असते, तरी दोष जमिनीवरच उघडा पडला असता.

याउलट अमेरिकेत ह्यूस्टन येथे अंतराळयानांसाठी एक प्रयोगशाळा होती. तीत यानातील विद्युत्-उपकरणे खऱ्या यानातल्याच जागी मांडलेली असत. तारांचे जुडगेसुद्धा तसेच. यान नव्हतेच, त्याची मज्जासंस्था तेवढी होती. २०११ साली ती याने निवृत्त होईपर्यंत तेथे तालमी चालल्या. तीही सर्वज्ञ होती असे नाही. १० एप्रिल १९८१ रोजी पहिल्या यानाचे उड्डाण ऐनवेळी थांबवावे लागले, कारण राखीव संगणकाचा मुख्य संगणकांशी कालमेळ बसेना. ६७ वेळा यंत्रणा सुरू केली तर एखाद्या वेळीच प्रकटणारा हा दोष तालमींतून निसटला होता. तरी यान जमिनीवरच होते. दोन दिवसांनी ते सुखरूप उडाले.

‘एरियान’च्या अपघाताची चौकशी गणितज्ञ झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने केली. १९ जुलै १९९६ रोजी दिलेल्या अहवालात मंडळाने चाचणीच्या वेळी शक्य तेवढी खरी उपकरणे वापरण्याची आणि उड्डाणमार्गाची वास्तव आकडेवारी पुरविण्याची शिफारस केली. तोवर संगणकावर एक प्रतिसृष्टी उभारून तीत दिग्दर्शकाची आज्ञावली चालविण्यात आली होती, आणि या खेपेस तिला नष्ट झालेल्या अग्निबाणाच्या उड्डाणाची खरी आकडेवारी पुरविण्यात आली. घटनांची सारी साखळी जशीच्या तशी पुन्हा घडली. ‘क्लस्टर’चे चार नवे उपग्रह २००० साली बैकानूरहून, दोन-दोन करून, रशियाच्या ‘सोयूझ’ अग्निबाणांनी अवकाशात नेले.