सापाच्या आहारासाठी घरातच उंदरांची पैदास

विशेष प्रतिनिधी

साप दूध पितो, हा समज नागपंचमीच्या दिवशी आजही अनेक घरांत जपला जातो. प्रत्यक्षात साप हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. त्यामुळे हौसेखातर साप पाळणाऱ्याला दूधवाल्याची नव्हे, तर उंदरांची तजवीज करावी लागते. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये कॉर्न स्नेक व बॉल पायथन हे बिनविषारी साप घरोघरी पाळले जातात. तेथे अनेक सर्पपालक आपल्या सापांसाठी लागणारे उंदीर गॅरेजमध्ये किंवा मागल्या खोलीत स्वतःच वाढवतात. हा उद्योग वरकरणी सोपा वाटतो. त्यातले गणित, दुर्गंधी आणि मुख्यतः मारण्याचा प्रश्न यांची कल्पना मात्र पहिली वीण झाल्यानंतरच येते.

सापाला उंदीरच का लागतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. मटणाचा वा कोंबडीचा तुकडा दिला तर सापाचे पोट भरेल, पण हाडे घडवणारे कॅल्शियम त्याला मिळणार नाही. अख्खा उंदीर म्हणजे मांस, हाडे, यकृत आणि आतडी यांसह पूर्ण आहार असतो. आग्नेय अमेरिकेतला कॉर्न स्नेक तर रानातही मुख्यत्वे उंदरांवरच जगतो. मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागावर तो सापडत असे म्हणून त्याला हे नाव पडले, असे काही जण सांगतात. पोटावरील नक्षी मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून पडले, असे दुसरे सांगतात. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू दर पाच ते सात दिवसांनी उंदराचे एक नवजात पिल्लू खाते. पूर्ण वाढलेल्या सापाला सात ते चौदा दिवसांतून एक मोठा उंदीर पुरतो. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी, हा सर्वमान्य ठोकताळा आहे.

या व्यवहाराची परिभाषाही स्वतंत्र आहे. एक-दोन ग्रॅम वजनाच्या, अंगावर लव नसलेल्या गुलाबी पिल्लाला 'पिंकी' म्हणतात. आठवडाभरात त्याच्या अंगावर लव येते, तेव्हा ते 'फझी' होते. डोळे उघडून उड्या मारू लागले की 'हॉपर'. वीस ते तीस ग्रॅमचा प्रौढ उंदीर हा अखेरचा टप्पा.

पैदाशीसाठी साधारणपणे एका नराबरोबर तीन ते पाच माद्या ठेवतात. मादीचा गर्भकाळ अवघा १९ ते २१ दिवसांचा असतो आणि एका वेळी सहा ते दहा पिल्ले होतात. शिवाय व्यायल्यानंतर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा गाभण राहू शकते. नर पिंजऱ्यातच राहिला तर एका वेताची पिल्ले दूध पीत असतानाच पुढचे वेत पोटात वाढू लागते. पिल्ले तीन आठवड्यांत दूध सोडतात आणि सुमारे सहा आठवड्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. म्हणूनच दूध सुटताच नर-मादी वेगळे करणे अपरिहार्य ठरते. यात आठवडाभर चालढकल झाली, तर पिंजऱ्यात भावंडांचीच पुढची पिढी जन्माला येते.

आता हिशेब पाहा. तीन माद्या महिन्याकाठी साधारण चोवीस पिल्ले देतात. एका प्रौढ कॉर्न स्नेकला महिन्याला फार तर चार उंदीर लागतात. उरलेल्या विसांचे काय? एक-दोन साप असलेल्याने हा खटाटोप करू नये, ते यामुळेच. दाणापाणी, भुसा, वीज आणि रोजचा वेळ धरला, तर बाजारातले गोठवलेले उंदीर त्याला स्वस्त पडतात. दहा-बारा साप असतील किंवा अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना दर आठवड्याला पिंकी लागत असतील, तरच घरची पैदास परवडते.

उंदरांची वीण लांबवता किंवा एकाच वेळी आणता येते, हेही अनुभवी पालकांना ठाऊक असते. केवळ माद्याच दाटीने एकत्र ठेवल्या, तर त्यांचे ऋतुचक्र मंदावते. मग नराला आणल्यावर, किंवा त्याच्या मूत्राने भिजलेला भुसा टाकल्यावर, बऱ्याच माद्या तिसऱ्या रात्रीच्या सुमारास एकदम माजावर येतात. याउलट नुकत्याच गाभण राहिलेल्या मादीला परक्या नराचा नुसता वास लागला तरी गर्भ टिकत नाही. हिल्डा ब्रूस या ब्रिटिश संशोधिकेने १९५९ मध्ये हे दाखवून दिले आणि हा परिणाम तिच्याच नावाने ओळखला जातो. पैदाशीच्या पिंजऱ्यातला नर वारंवार बदलू नये, या सल्ल्यामागील शास्त्र ते हेच.

घरी उंदीर वाढवण्याचा छंद तसा जुना. ब्रिटनमध्ये शोभेच्या उंदरांचा राष्ट्रीय क्लब १८९५ मध्येच स्थापन झाला होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील ग्रॅनबी येथे अ‍ॅबी लॅथ्रॉप या माजी शिक्षिकेने १९०० च्या सुमारास हाच व्यवसाय आरंभला. तिचे शौकीन ग्राहक मागे पडले आणि प्रयोगशाळा पुढे आल्या. आज जगभरच्या संशोधनात वापरला जाणारा 'सी-५७ ब्लॅक' हा काळा उंदीर तिच्याच वंशावळीतून १९२१ मध्ये तयार झाला. सापाच्या पुढ्यात पडणारा आणि कर्करोगाच्या प्रयोगशाळेतला उंदीर हे असे दूरचे भाऊबंद आहेत.

सर्वांत मोठी तक्रार अर्थातच वासाची. नराच्या मूत्राला मुळातच उग्र दर्प असतो. त्यात भुसा ओला राहिला की जिवाणूंमुळे अमोनिया तयार होतो. हा वायू केवळ माणसाच्या नाकाला झोंबत नाही, तर उंदरांच्या श्वसनमार्गाला इजा करून फुप्फुसांचे आजार बळावतो. त्यामुळे आठवड्यातून किमान एकदा भुसा बदलणे हे काम टाळता येत नाही. देवदार आणि पाइनच्या लाकडातील सुगंधी तेले उंदरांना बाधतात. अ‍ॅस्पेनचा भुसा त्या मानाने निर्धोक. मादी विते तेव्हा मात्र दोन-चार दिवस पिंजऱ्याला हात न लावलेलाच बरा. घाबरलेली मादी स्वतःचीच पिल्ले खाऊन टाकते.

यापुढचा भाग हौशी लोक सहसा आधी विचारात घेत नाहीत. उंदीर जिवंत सोडावा की मारून द्यावा? जिवंत उंदीर ही सापासाठीही जोखीम असते. भूक नसलेल्या सापाच्या पेटीत रात्रभर राहिलेला उंदीर सापालाच कुरतडतो आणि अशा जखमा गंभीर ठरतात. म्हणून जाणकार सर्पपालक मारलेलेच भक्ष्य देतात. मारण्याचे तंत्र मात्र शिकावे लागते. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे कार्बन डायऑक्साइड वायू हळूहळू सोडण्याची किंवा प्रशिक्षित हाताने मान निखळवण्याची पद्धत सांगतात. नवजात पिल्ले प्राणवायूच्या अभावाला बराच काळ तोंड देतात, त्यामुळे मोठ्या उंदराला पुरणारा वेळ त्यांना पुरत नाही. पिल्ले जिवंतपणीच घरच्या फ्रीजरमध्ये टाकण्याची 'सोपी' युक्ती सांगणारे पुष्कळ भेटतात. ती क्रूर आहे आणि पशुवैद्यकांना मान्य नाही. हे काम नीट शिकण्याची तयारी नसलेल्याने पैदाशीच्या भानगडीत पडू नये.

मारलेले उंदीर पिशवीत बंद करून गोठवतात. खायला देण्याआधी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून ते वितळवतात, मग पिशवीसकट गरम पाण्यात ठेवून कोमट करतात. मायक्रोवेव्हचा वापर टाळावा. त्यात उंदीर आतून एकसारखा तापत नाही आणि फुटतोही. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता जाणणारे खळगे असतात, त्यामुळे थंड भक्ष्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

गोठवल्याने रोगजंतू मरतात, हा गैरसमजही धोक्याचा. २०१० मध्ये अमेरिकेत सापांसाठी विकल्या गेलेल्या गोठवलेल्या उंदरांमुळे साल्मोनेलाची साथ पसरली होती आणि तो माल बाजारातून परत मागवावा लागला होता. घरच्या उंदरांमार्फत पसरणारा दुसरा आजार म्हणजे लिंफोसायटिक कोरिओमेनिंजायटिस. २०१२ मध्ये इंडियाना राज्यातील उंदीर पैदास केंद्राच्या काही कर्मचाऱ्यांना त्याची लागण झाली होती. गर्भवतींच्या बाबतीत हा विषाणू गर्भाला गंभीर इजा करू शकतो. म्हणून गर्भवतीने उंदरांच्या पिंजऱ्यांची साफसफाई करू नये, उंदरांसाठीची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत आणि उंदीर अन्नाच्या फ्रीजरमध्ये ठेवू नयेत.

मुंबई-पुण्यातील हौशी मंडळींना या आधी एक कायदेशीर उंबरठा ओलांडावा लागतो. नाग, घोणस, धामण, अजगर यांसारखे देशी साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षित असून ते घरी बाळगणे गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या विदेशी प्रजातींसाठी २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणी बंधनकारक केली आणि तिचे नियम २०२४ मध्ये जारी झाले. त्यांनुसार अशा प्राण्याचा ताबा, जन्म आणि मृत्यू यांची माहिती केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवरून द्यावी लागते. उंदरांची गोष्ट वेगळी. पूर्वी याच कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उंदीर-घुशींची गणना उपद्रवी प्राण्यांत होत असे. आता ती अनुसूचीच रद्द झाली आहे. मात्र उंदराला कायद्याचे संरक्षण अजिबात नाही, असे समजू नये. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार निव्वळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याचे भक्ष्य करणे हा गुन्हा आहे. चित्रफीत काढून लोकांना दाखवण्याखातर सापापुढे जिवंत उंदीर सोडणारा या कलमाच्या कचाट्यात सापडू शकतो.