जुन्या गाडीसाठी नवे हेडलाइट : प्रकाश किती, आणि तो पडतो कोठे?

धानाची कापणी-मळणी आटोपून माल घराबाहेर निघू लागला, की आपल्या लांजी भागातील रस्त्यांवर रात्रीची वर्दळ वाढते. आमगाव-गोंदियाकडे किंवा बालाघाटकडे जाताना ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलबंडी, सायकलस्वार व पायी चालणारी माणसे एकाच अरुंद डांबरी पट्टीवर असतात. पुष्कळ घरांत जुनी जीप, बोलेरो किंवा मारुती ८०० आहे. तिचे दिवे मंद झाले, की मालक दुकानदाराला म्हणतो, "सर्वांत तेज असेल तो बल्ब द्या." बहुधा याच मागणीतून पुढे अपघात घडतो. आपल्याला रस्ता दिसावा आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत, ही दोन्ही कामे चांगला दिवा करतो. नवा दिवा घेताना या दोन्ही गोष्टी पाहाव्या.

आधी जुन्या दिव्याचे दुखणे ओळखावे

दिवा मंद झाला म्हणजे बल्ब वाईट झाला असे नेहमी नसते. जुन्या गाडीत वायरी कुजतात, स्विचची पट्टी झिजते व पत्र्याला जोडलेली अर्थिंग गंजते. त्यामुळे बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही. तारेच्या बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळाले, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मिस्त्रीकडून मीटरने दोन ठिकाणी मोजून घ्यावे : एकदा बॅटरीवर व एकदा बल्बच्या होल्डरवर. दोहोंत एक व्होल्टहून अधिक फरक आढळल्यास पैसा वायरिंगवर खर्च करावा. जाड वायर आणि रिले बसवला, अर्थिंग घासून घट्ट केली, की तोच जुना बल्ब पुन्हा चांगला प्रकाश देतो.

दुसरे म्हणजे काच व आतील चकचकीत वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर, पाहावा. वाटीची कल्हई उडाली असेल, तर कोणताही बल्ब उपयोगाचा नाही. पूर्ण दिवाच बदलावा. प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडते. ती घासून स्वच्छ होते, परंतु घासताना वरचा संरक्षक थर निघून जातो. नवा थर दिला नाही, तर ती लवकरच पुन्हा पिवळी पडते.

बल्बच्या आत काय असते?

पुष्कळ जुन्या गाड्यांत एच-४ नावाचा तीन पत्त्यांचा हॅलोजन बल्ब असतो. हा प्रकार १९७१ साली निघाला. त्यात दोन तारा असतात : अप्परसाठी ६० वॅटची आणि डिपरसाठी ५५ वॅटची. डिपरच्या तारेखाली धातूची लहानशी पन्हळ असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते. त्यामुळे प्रकाश वाटीच्या केवळ वरच्या भागावर पडून रस्त्याकडे खाली वळतो. तार व पन्हळ यांची जागा मिलिमीटरच्या हिशोबाने ठरलेली असते.

हे समजले, की हॅलोजनच्या वाटीत स्वस्त एलईडी बल्ब खोचल्याने काय होते तेही समजेल. प्रकाश निघण्याची जागा बदलते आणि झोत विस्कटून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याला मात्र गाडीपुढची जमीन लख्ख दिसते, म्हणून दिवा चांगला झाला असा भास होतो. ज्या दिव्याची वाटी व काच मुळातच एलईडीसाठी घडवलेली आणि मंजूर झालेली आहे, त्याची गोष्ट वेगळी.

दिवा घेताना पाहण्याच्या गोष्टी

१. वॅट वाढवू नये. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे १० अँपिअर वीज ओढतात. १०० वॅटचे दोन सुमारे १७ अँपिअर. जुनी वायर तापते, होल्डर वितळतो व फ्यूज उडतो. उडालेल्या फ्यूजला तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे गाडीला आग लावण्याची सोय करणे होय.

२. निळसर बल्ब टाळावा. काचेवरचा निळा रंग काही प्रकाश अडवूनच धरतो. पैसे जास्त जातात आणि उजेड कमी मिळतो.

३. दिवा डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा आहे ना, हे पाहावे. आपल्याकडे डिपरचा झोत डावीकडे थोडा वर चढतो, म्हणजे कडेने चालणारा माणूस दिसतो. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात. तेथे १९४० पासून सात इंची गोल दिवा रूढ झाला आणि तोच आकार आपल्या जुन्या जीपलाही बसतो. पण तिकडच्या रस्त्यांसाठी केलेल्या दिव्याचा झोत उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जातो. काचेवर वर्तुळात इंग्रजी 'ई' अक्षर असलेल्या दिव्यावर बाण शोधावा. दिव्याकडे तोंड करून उभे राहिल्यास बाण आपल्या उजव्या हाताकडे असेल, तर तो दिवा आपल्या वाहतुकीचा. दोन्ही बाजूंना बाण असल्यास तोही चालतो. बाणच नसेल, तर तो उजव्या वाहतुकीचा समजावा.

४. दोन्ही दिवे एकाच बनावटीचे घ्यावे आणि जोडीने बदलावे.

बसवल्यावर फोकस लावून घ्यावा

चांगला दिवाही वाकडा बसला तर घातक ठरतो. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करावी. चाकांत योग्य हवा असावी व चालक जागेवर बसलेला असावा. डिपर लावल्यावर झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली पडावी. दिव्यावर किंवा गाडीच्या पुस्तकात निराळा आकडा दिला असल्यास तो पाळावा.

मागे धानाची पोती भरली, की गाडीचे नाक वर उचलले जाते. ते केवळ एक अंश उचलले, तरी १० मीटरवर झोत सुमारे १७ सेंटिमीटर चढतो आणि आकाशाकडे पाहू लागतो. म्हणून माल नेताना झोत खाली करणारा खटका असेल तर तो वापरावा. नसेल तर वजन पुढे-मागे नीट वाटून भरावे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०६ वा नियम हेच सांगतो. दिव्यापुढे ८ मीटरवर, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपवील असा झोत नसावा. निदान चालकाला तो खाली वळवता यावा. दीड मीटर म्हणजे आपल्या गावच्या सायकलस्वाराच्या डोळ्यांची उंची.

डोळ्यांचीही काळजी घ्यावी

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर धावते. चालकाचे डोळे तीन सेकंद दिपले, तर ५० मीटर अंतर तो आंधळेपणाने तोडतो. वय वाढले, की दिपलेले डोळे पूर्ववत होण्यास अधिक वेळ लागतो. मोतीबिंदू असल्यास समोरचा प्रकाश फाकून दिसतो. दिवे बदलूनही रात्री नीट दिसत नसेल, तर दोष गाडीचा नसून डोळ्यांचा असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो. शेवग्याचा पाला, पिकलेली पपई, लाल भोपळा, अंडी हे पदार्थ आपल्या परसातलेच आहेत. ते मुलांच्या ताटात अवश्य असावे.

बैलबंडी व ट्रॉली यांच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावावी. समोरून वाहन येताच डिपर द्यावा. नाताळच्या मध्यरात्री मिस्सा आटोपून घरी परतताना रस्त्याच्या कडेने आपलीच लेकरे व म्हातारी माणसे चालत असतात. त्यांना सुखरूप घरी पोहोचू देईल असाच दिवा दुकानातून निवडावा.