दाजींचा अर्ज

आमची अक्का आदिलाबादला दिली. माहेरी आम्ही निम्मे कानडी, निम्मे मराठी बोलणारे. तिच्या सासरी मराठीच्या जोडीला तेलुगू. तिची मुले आजीशी कोणत्या भाषेत भांडतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पैनगंगेच्या त्या काठाला मराठी घरे पुष्कळ. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले. उरलेली मराठी मंडळी आंध्रात राहिली, २०१४ पासून तेलंगणात. दाजी आणि तीन निवृत्त गुरुजी तिथे एक वाचनालय चालवतात. गेल्या पावसाळ्यात पत्रे गळले आणि जुन्या मराठी पुस्तकांची दोन कपाटे भिजली. मुंबईच्या एका धर्मादाय न्यासाकडे अर्ज करायचे ठरले. मेव्हणा प्राध्यापक, म्हणून मसुदा माझ्याकडे आला.

चार पाने मायमराठीची थोरवी आणि शेवटी ‘यथाशक्ती मदत व्हावी’! न्यासाला हवे असते ते वेगळेच. पत्रे किती, दर काय, मजुरी किती, उरलेले पैसे तुम्ही कुठून उभे करणार? शिवाय नोंदणीचा दाखला, तपासलेले हिशेब, पॅन, आयकराची नोंदणी. परदेशी संस्थेकडे मागायचे, तर २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली आणखी नोंदणी. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. दाजींनी तिथेच हात जोडले.

एक रकाना होता : लाभार्थी कोण?

“लिही, सीमेवरची मराठी माणसे,” दाजी म्हणाले. मी सहीची वही मागितली. रोज येणारी बहुतेक तेलुगू माध्यमाची मुले, नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी. काही गोंड मुली. मराठी पुस्तक नेणारे महिन्याला चार-पाच. (तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या मार्लवाईत १९४० च्या दशकात गोंडांमध्ये राहून काम करणाऱ्या हायमेनडॉर्फ यांनाही त्याआधी रॉकफेलर फाउंडेशनची शिष्यवृत्ती मिळाली होती. त्यांनीही असले रकाने भरलेच असतील.)

दाजी बराच वेळ गप्प. अक्का चहा घेऊन आली. “अहो, सकाळी दारात चपला कुणाच्या असतात? त्यांचीच नावं लिहा की.”

थोरल्या गुरुजींना हे पटेना. मराठी वाचनालयाने तेलुगू मुलांच्या नावावर पैसे मागायचे? दोन दिवस त्यांनी सही केली नाही. मला त्यांचा राग आला नाही. ती कपाटे त्यांनी तरुणपणी सायकलवरून पुस्तके आणून भरली होती. तिसऱ्या दिवशी वही स्वतः चाळून त्यांनी सही केली.

न्यासाने पत्रे आणि बाकांचे पैसे मंजूर केले, पुस्तकांचे नाकारले. भिजलेली पुस्तके गुरुजी घरी नेऊन पंख्याखाली एकेक वाळवतात. पहिला हप्ता आला, पत्रे बसले. दुसरा पक्क्या पावत्या पाठवल्यावर मिळणार आहे, आणि पत्रेवाला पावती द्यायला आज-उद्या करतो आहे. दाजी रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊन बसतात.