गोळा कुठं पडला?

ध्येय डोळ्यांसमोर लख्ख असलं की माणूस आपोआप त्याच्या मागे लागतो, असं आपल्याला शाळेपासून सांगितलं जातं. देवळाली कॅम्पात एके काळी अशी हजारो माणसं राहून गेली, ज्यांचं ध्येय याहून लख्ख असूच शकलं नसतं. त्यांना घरी जायचं होतं, एवढंच. आणि त्यांतली कितीतरी इथंच खचली, वाया गेली, काहींचं तर डोकं फिरलं.

१८६० च्या दशकात इंग्रजांनी नाशिकजवळच्या या मोकळ्या हवेच्या माळावर छावणी उभी केली. हिंदुस्थानातली मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी जाणारं जहाज मिळेपर्यंत इथं आणून ठेवत. सैन्याची जहाजं मुंबईहून सुटायची ती साधारण हिवाळ्यात, मार्चपर्यंत. ज्याची मुदत नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर संपली, त्यानं ऊन आणि पाऊस इथंच काढायचा आणि पुढच्या मोसमाची वाट बघायची. काम असं काही नाही. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक वेल्श पलटणीतला शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या १९३६ च्या आठवणींत तो सांगतो, की नोकरीभर एक डाग न लागलेली माणसं या कॅम्पात येऊन भानगडीत सापडायची, तुरुंगात जायची. विचित्र वागण्याचं कारण त्याच्या मते इथला कंटाळा. हिवताप होता, दारू होती. एकाच कारणावर बोट ठेवणं बरोबर नाही. पण इंग्रजी बोलीत चळलेल्या माणसाला आजही देवळालीच्या नावानंच ओळखतात, ‘डुलाली’ म्हणतात.

आता यातलं कोडं पाहा. ही मेहनतीला कच खाणारी माणसं नव्हती. वर्षानुवर्षं परक्या मुलखात, परक्या हवेत त्यांनी काढली होती. आणि घर जेव्हा अगदी हाताशी आलं, तेव्हाच मन सुटलं. असं का व्हावं?

याचं उत्तर देवळालीतच आहे, असं मी म्हटलं तर ओढूनताणून वाटेल. पण ते खरंच इथल्या तोफांपाशी जातं. भारतीय लष्कराचं स्कूल ऑफ आर्टिलरी याच गावात आहे. रेंजवर सराव सुरू असला की धडधड आसपासच्या वस्त्यांना ऐकू येते. तिथं काय चालतं ते जरा जवळून बघू.

तोफेपाशी उभ्या असलेल्या जवानाला लक्ष्य बहुतेक वेळा दिसतच नाही. ते टेकडीपलीकडे, काही किलोमीटर लांब असतं. दिसतं ते ओपीला, म्हणजे पुढं जाऊन बसलेल्या निरीक्षकाला. पहिला गोळा सुटतो आणि धूळ उडते ती लक्ष्याच्या अलीकडे. ओपी वायरलेसवर सांगतो, ‘ॲड ४००’. दुसरा गोळा पलीकडे जातो. ‘ड्रॉप २००’. तिसरा पुन्हा अलीकडे. ‘ॲड १००’. अंतर असं निम्म्यानिम्म्यानं आवळत नेतात, आणि लक्ष्य बेचक्यात आलं की सगळ्या तोफांना हुकूम मिळतो, ‘फायर फॉर इफेक्ट’. सुरुवातीच्या गोळ्यांना चुकलेले गोळे म्हणता येत नाही. त्यांचं कामच मुळी कुठं पडलो हे सांगण्याचं असतं. ओपीचा आवाज बंद झाला तर जगातली उत्तमोत्तम तोफ आंधळी होते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नॉर्बर्ट वीनर हा गणितज्ञ आणि ज्युलियन बिगेलो हा अभियंता विमानविरोधी तोफांच्या नेमाचं गणित मांडत होते. त्या कामात त्यांना जाणवलं, की नेम साधणं म्हणजे पुन्हा पुन्हा चूक मोजून ती कमी करत जाणं. आणि टेबलावरचा पेला उचलणारा हातसुद्धा हेच करतो. १९४३ साली शरीरशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूथ यांच्यासोबत त्यांनी हेतूवर एक छोटा निबंध लिहिला. १९४८ साली वीनरचं ‘सायबरनेटिक्स’ आलं. पुढं १९६० मध्ये मिलर, गॅलँटर आणि प्रिब्रम या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या बेतांचं सगळं शास्त्रच या पायावर उभं केलं: आहे तिथून हवं तिथवर किती अंतर, हे तपासा, काहीतरी करा, पुन्हा तपासा. ध्येय या गोष्टीबद्दल आजचं मानसशास्त्र जी भाषा बोलतं, तिच्यात तोफखान्याचा दारूगोळा आहे, हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो.

पण यातली सगळ्यात मोलाची गोष्ट त्यानंतर तीस वर्षांनी आली. चार्ल्स कार्व्हर आणि मायकेल शायर यांनी १९९० साली मांडलं, की मनाला बरं किंवा वाईट वाटतं ते अंतर किती उरलं यावरून नव्हे. अंतर किती वेगानं कमी होतंय यावरून. पाच लाखांचं कर्ज असलेला माणूस दर महिन्याला आकडा उतरताना पाहत असेल, तर रात्री शांत झोपू शकतो. कर्ज नसलेला पण वर्षानुवर्षं जागच्या जागी असलेला माणूस तळमळतो. बाहेरून बघणाऱ्याला हे उफराटं वाटतं. मनाच्या काट्यावर मात्र हिशेब अगदी चोख आहे, कारण तो काटा वेग मोजतो.

आता ते शिपाई आठवा. ध्येय पक्कं, अंतर ठरलेलं, आणि त्यांनी काहीही केलं तरी ते एका तसूनंही कमी होणार नाही. परेड नीट केली म्हणून जहाज लवकर येत नव्हतं. वेग शून्य. ओपी गप्प. चांगल्या माणसाला याहून वाईट शिक्षा देता येईल असं मला वाटत नाही.

उलट बाजूही तितकीच विलक्षण आहे. क्लार्क हल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात उंदरांना लांब बोळातून खाण्याकडे धावायला लावलं. खाणं जसजसं जवळ येई, तसतसा उंदरांचा वेग वाढत जाई. २०१३ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी चालत्या उंदराच्या मेंदूतलं डोपामिन क्षणोक्षणी मोजलं, तर ते मुक्कामाकडे जाताना हळूहळू चढत जाताना दिसलं. वाट लांबवली तर ती चढणही तेवढीच लांब पसरली. म्हणजे मेंदूत आतच कुणीतरी ‘आलं, आलं, एवढंच राहिलं’ असं सांगत बसलेलं आहे.

माणसाच्या बाबतीत तर आपण कुठवर आलो याची ही पोच नुसती मांडणी बदलूनही देता येते. नुनेस आणि ड्रेझ यांनी २००६ साली एका मोटार धुण्याच्या दुकानात ३०० गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. निम्म्या कार्डांवर आठ शिक्के जमले की एक धुलाई फुकट. उरलेल्यांवर दहा शिक्के लागायचे, पण दोन आधीच मारून दिलेले. दोघांनाही गाडी आठ वेळाच आणायची होती. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्या गटातल्या ३४ टक्के. ज्याला आपण निघालोच आहोत असं वाटतं, तो पोचतो.

मधला टप्पा मात्र अवघड. भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा. ‘सोळाशे’ म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकचे चार राउंड. सैन्याच्या भरतीत पूर्ण गुणांसाठी ते साडेपाच मिनिटांत संपवायचे, अशी वर्षानुवर्षांची कसोटी. पहिला राउंड जोशात जातो. चौथ्यात शेवट दिसतो आणि पाय कुठून तरी बळ आणतात. मुलं मरतात ती तिसऱ्यात. श्वास तुटतो, पोटऱ्या दगड होतात, शिटी मारणारे सर लांब दिसतात, आणि अकारण बूट सैल झाल्यासारखा वाटायला लागतो. हे नुसतं फुप्फुसांचं काम नव्हे. बोनेझी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं, की ध्येयाच्या मध्यावर उमेद सर्वांत खाली जाते. सुरुवातीला आपण मागं किती टाकलं ते पाहतो, शेवटी पुढं किती राहिलं ते. ऐन मध्यावर दोन्ही आकडे मोठे, म्हणून एकेक पाऊल कुठल्याच बाजूला फारसं जाणवत नाही. मिन्जुंग कू आणि आयलेट फिशबाख यांनी यावर साधा उपाय सुचवला: दोन्हींपैकी जो आकडा लहान, त्याच्याकडे पाहा. वीस हप्त्यांच्या कर्जात पाचवा हप्ता भरताना ‘पाच झाले’ म्हणा, पंधराव्याला ‘पाच उरले’. आणि ऐन मध्यावर असाल, तर मोठं ध्येय तोडून लहान मध्य तयार करा. तिसऱ्या राउंडला धावणारी पोरं पुढच्या वळणावरच्या झाडाकडे बघत धावतात ती यामुळेच.

इथं एक लोकप्रिय समजूत खोडून काढावीशी वाटते. स्वप्नातल्या बंगल्याचं चित्र भिंतीला लावा, रोज सकाळी डोळे मिटून ते जगा, असं सांगणारे गुरू गल्लोगल्ली आहेत. गॅब्रिएल ओटिंगेन यांनी डोरिस मायर यांच्याबरोबर जर्मनीतल्या पदवीधरांचा माग घेतला. नोकरीची सुखस्वप्नं जे जास्त रंगवत होते, त्यांनी दोन वर्षांत कमी अर्ज केले, त्यांच्याकडे नोकरीचे कमी देकार आले, पगारही कमी मिळाला. २०११ च्या दुसऱ्या एका अभ्यासात तर गोड कल्पनेत रमलेल्यांचा रक्तदाब उतरलेला दिसला. पोचल्यासारखं वाटलं की शरीर कंबर सैल सोडतं. भरतीच्या मुलानं वर्दीचं चित्र जरूर लावावं. पण त्याखाली कालची वेळ लिहिलेली असावी.

अर्थात पोच हवी असते म्हणून आपण ती आनंदानं घेतो असं मुळीच नाही. बाजार पडला की गुंतवणूकदार खातं कमी वेळा उघडून बघतात, हे २००९ च्या एका अभ्यासात नोंदलं गेलंय. पासबुक भरून घ्यायला टाळाटाळ करणं, वजनकाट्याला वळसा घालणं, हे त्यातलंच. पण हार्किन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १३८ अभ्यास एकत्र चाळले, तेव्हा दिसलं की प्रगतीची नोंद ठेवणारे ध्येय जास्त गाठतात. ती नोंद कागदावर केली किंवा दुसऱ्यांसमोर मांडली तर आणखी जास्त. हे वाचताना मला सारखी आपली भिशी आठवत होती. तिथं व्याज नाही, कागदपत्रं नाहीत. पण महिन्याच्या ठरल्या तारखेला सगळ्याजणी एका घरात जमतात, वहीत नावापुढं खूण होते, आणि जिचे पैसे आले नाहीत ते सगळ्यांना कळतं. कुठल्याही विद्यापीठाला न विचारता आपल्या आयांनी आणि मावश्यांनी ओपी नेमून ठेवला होता.

पैशाच्या बाबतीत आणखी एक वाट आहे, जिथं मनाला उमेद लागतच नाही. तिचा नमुना देवळालीला लागून असलेल्या नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये घडतोय. तिथं अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेले जवान, तयार होतात. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या भरती योजनेत पहिल्या वर्षी पगार महिना ३० हजार, पण हातात येतात २१ हजार. ९ हजार सेवा निधीत जातात आणि सरकार तेवढेच घालतं. चौथ्या वर्षी पगार ४० हजार, हातात २८ हजार, कपात १२ हजार. चार वर्षांत जवानाचे ५ लाख २ हजार, सरकारचे तितकेच, आणि व्याज धरून सुमारे ११ लाख ७१ हजार. योजनेच्या बाकी बाजूंवर बराच वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. पण या कपातीची बांधणी बघा. पैसे हातात पडायच्या आधी वेगळे होतात. कपात वाढते ती पगारवाढीबरोबर, म्हणून हातातली रक्कम कधीच घटत नाही. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी अमेरिकेतल्या कामगारांना अशीच एक सोय दिली होती, की पुढची पगारवाढ झाली की त्यातून बचत वाढेल. चाळीस महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. रोज मन मारायची गरज कुणालाच पडली नाही.

माझी काळजी पुढच्या दिवसाची आहे. चार वर्षांनंतर शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस सैन्यात राहणार. बाकीची मुलं विशीतच बाहेर पडतील, खात्यात अकरा लाख घेऊन. आणि त्याच दिवशी पहाटेची शिटी, धावण्याची वेळ लिहिणारे उस्ताद आणि बारा हजारांची आपोआप कपात, तिन्ही एकदम थांबतील. मनाच्या काट्याच्या भाषेत वेग पुन्हा शून्य. सू-ची ह्वांग आणि जेनिफर आकर यांचा २०१९ चा अभ्यास सांगतो, की ध्येय गाठलेल्या माणसानं मुक्कामापेक्षा चाललेल्या वाटेकडे मागं वळून पाहिलं, तर तिथवर नेणाऱ्या सवयी तो जास्त टिकवतो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलासमोर त्याच्या पहिल्या दिवसाची सोळाशेची वेळ आणि पहिल्या महिन्याची कपात ठेवून कुणीतरी तास-दोन तास बसायला हवं, आणि नव्या पगारातून आरडीचा पहिला हप्ता कितीचा, हे तो अजून वर्दीत असतानाच लिहून घ्यायला हवं.