अडलेल्या यंत्राची गळती

संपादकांनी विषय दिला होता अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा. वाचता वाचता मी थबकलो एका यंत्रापाशी : कॉम्प्लेक्स वन. पेशीचं ऊर्जाघर असलेल्या मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात बसलेलं, 45 प्रथिनघटकांचं. अन्नातून आलेल्या एनएडीएचकडून इलेक्ट्रॉन घ्यायचे, लोह-गंधकाच्या समूहांवरून युबिक्विनोनपर्यंत पोचवायचे आणि दर दोन इलेक्ट्रॉनांमागे चार प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलायचे, हे त्याचं काम. त्या प्रोटॉनांच्या दाबावर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनतं, हे पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडलं आणि 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

वाटेत एखादा इलेक्ट्रॉन निसटून ऑक्सिजनला चिकटतो आणि सुपरऑक्साइड तयार होतं. यंत्र जोरात चाललं की गळती वाढत असेल, असं कुणालाही वाटेल. घडतं उलट. स्नायू राबतात तेव्हा एटीपी लगेच खर्च होतं, इलेक्ट्रॉन पुढे सरकत राहतात, गळती कमी असते. मागणी थांबली की प्रोटॉनांचा दाब चढतो, इलेक्ट्रॉन खोळंबतात आणि खोळंबलेलेच निसटतात. हे सुपरऑक्साइड मग ॲकोनिटेज या विकराचा लोह-गंधकाचा समूह मोडतं. एनएडीएच पुरवणारं क्रेब्ज चक्र मंदावतं, इलेक्ट्रॉनांचा पुरवठाच घटतो. गळतीनेच वरचा नळ थोडा आवळावा, ही रचना मला विलक्षण देखणी वाटते.

काळजी वाटते ती हृदयविकाराच्या झटक्याची. रक्तवाहिनी तुंबली की ऑक्सिजन थांबतो आणि पेशींत त्याच चक्रातलं सक्सिनेट साठतं. अडथळा दूर होऊन रक्त परतलं की हे सक्सिनेट काही मिनिटांत जळतं. दाब इतका चढतो की इलेक्ट्रॉन कॉम्प्लेक्स वनमध्ये उलटे शिरतात, सुपरऑक्साइडचा लोंढा सुटतो आणि वाचवायला घेतलेला स्नायू मरू लागतो. केंब्रिजचे मायकेल मर्फी आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये हे दाखवलं. सक्सिनेटचं ज्वलन रोखल्यावर उंदरांच्या हृदयाची हानी कमी झाली.

मग असे घातक रेणू निकामी करणारे अँटिऑक्सिडंट सरळ का देऊ नयेत? फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिलं, तर फुप्फुसाचा कर्करोग वाढला. तो निष्कर्ष 1994 चा. व्यायाम करणाऱ्यांना क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलाच नाही, हे 2009 मध्ये दिसलं. स्नायूला त्या थोड्या गळतीतूनच बळकट होण्याचा निरोप मिळतो. म्हणजे औषधाने फक्त तो लोंढा अडवायचा, रोजची गळती चालू ठेवायची. शिवाय हे औषध रक्त परतण्याआधी किंवा परततानाच पोचायला हवं. तासाभराने दिलं तर सक्सिनेट तोवर जळून गेलेलं असतं.