हाडांचे आनुवंशिक विकार आणि बालकांचे दात

मुलाचा दुधाचा दात पडला, की तो शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. सर्वसाधारणपणे सहाव्या वर्षी हा क्रम सुरू होतो आणि बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत वीसही दुधाचे दात पडून त्यांची जागा कायमचे दात घेतात. काही बालकांत मात्र हा क्रम बिघडतो. दात वेळेवर पडत नाहीत, फार लवकर पडतात, किंवा उगवतात तेच तपकिरी व ठिसूळ. अशा वेळी घरची मंडळी आणि क्वचित शिक्षकही मुलाच्या आळसाला दोष देऊन मोकळे होतात. पुष्कळदा कीड किंवा अस्वच्छता हे कारण असते, हे खरे. परंतु काही थोड्या बालकांत मूळ दोष हाडांच्या घडणीतच असतो व तो जन्मतः आलेला असतो.

क्लायडोक्रेनियल डिस्प्लेसिया या विकाराचेच उदाहरण घ्या. मारी व सेंतों या फ्रेंच वैद्यांनी 1898 मध्ये त्याचे वर्णन केले आणि 1997 मध्ये त्यास कारणीभूत असलेले जनुक सापडले. या बालकांची गळपट्टीची हाडे अपुरी असतात किंवा नसतातच. त्यामुळे काही मुले दोन्ही खांदे छातीपुढे जवळजवळ टेकवू शकतात, आणि वर्गात तो गमतीचा विषय होतो. खरी अडचण जबड्यात असते. कायमचे दात आत तयार असतात, पण बाहेर येत नाहीत. शिवाय काही जादा दात त्यांची वाट अडवून बसतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडात दुधाचेच दात दिसत असता “येतील सावकाश” असे म्हणून थांबणे, ही या विकारातील सर्वांत महाग पडणारी चूक होय. दुधाचे दात नुसते उपटल्यानेही कायमचे दात वर येत नाहीत. सहाव्या-सातव्या वर्षी संपूर्ण जबड्याचे क्ष-किरण छायाचित्र काढले, तर जादा दात केव्हा काढावयाचे याची आखणी करता येते. त्यानंतर शस्त्रक्रियेने दडलेला दात उघडा करून, त्यास बारीक साखळी जोडून, तारेच्या साह्याने तो हळूहळू जागेवर ओढून आणतात. हे काम काही वर्षे चालते. पालकांना ही गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी.

ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे ठिसूळ हाडांचा विकार, याची गोष्ट निराळी. हाडास चिवटपणा देणारे कोलॅजन हे प्रथिन यात सदोष असते. दाताच्या आतील थरातही तेच प्रथिन असल्याने यांपैकी काही बालकांचे दात करडे-निळसर किंवा पिंगट दिसतात, वरचे कठीण आवरण टवके उडून निघते व दात झिजून हिरडीला टेकतात. असे दात घासून पांढरे होत नाहीत. दाढांवर वेळीच पोलादी टोप्या बसविल्यास मात्र झीज थांबते आणि मुलाला भाकरी चावता येते. हाड मोडेल या भीतीने आई मुलाच्या तोंडात ब्रश घालण्यास कचरते, ते स्वाभाविक आहे. तथापि मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट यांनी दोन वेळा दात घासणे सुरक्षित असते. दंतवैद्याच्या खुर्चीवर मुलास पालकांनीच उचलून ठेवावे. हात धरून कोणीही ओढू नये.

या बालकांना हाडे बळकट राहावीत म्हणून बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे देतात. ही औषधे हाडाची झीज मंदावतात. उलटपक्षी, तारेने दात सरकतो तो एका बाजूचे हाड झिजून व दुसऱ्या बाजूस नवे भरूनच. साहजिकच तेथे दात सावकाश सरकतात. म्हणून ही औषधे चालू असल्याचे, किंवा पूर्वी दिली गेल्याचे, दंतवैद्यास सांगितलेच पाहिजे.

अॅकॉन्ड्रोप्लेसिया या खुजेपणाच्या विकारात वरचा जबडा लहान राहून दातांची दाटी होते. कवटीच्या तळाचे छिद्रही अरुंद असू शकते. त्यामुळे तपासताना मान मागे फार वाकवू नये.

पाच वर्षांच्या आत दात मुळासकट, दुखापतीवाचून पडला, तर हायपोफॉस्फेटेशिया या विकाराची शंका घ्यावी. असा दात कौलांवर न फेकता पुडीत बांधून डॉक्टरांकडे न्यावा. कीड नसताना वारंवार गळू होणे हे आनुवंशिक मुडदुसाचे एक लक्षण आहे.

ग्रहण किंवा गरोदरपणातील आईची चूक यांचा या विकारांशी काही संबंध नाही. कित्येकदा आईबाप दोघेही निरोगी असतात व जनुकातील बदल मुलातच प्रथम घडतो.

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी होते. पथक गावी येईल त्या दिवशी असे मूल हजर राहील, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पाहावे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे पाठविताना चिठ्ठीवर केवळ “दात खराब” असे न लिहिता मुलाचे वय, पूर्वी मोडलेली हाडे, चालू औषधे आणि घरात कोणास असाच त्रास आहे काय, हे नमूद करावे.