शी-शू शास्त्र : लंगोटापासून अंतराळापर्यंत

बारसं होईपर्यंत बाळाला नाव नसतं, पण त्याच्या शीचा रंग, वेळ आणि वारंवारता घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असते. दिवसाला आठ डायपर धरले तरी महिन्याला 240 आणि वर्षाला जवळजवळ 3000! एवढ्या वेळा जे करायचं, त्याची थोडी गंमतही माहीत असायला हवी. नव्या आईबाबांसाठी ही चटपटीत शिदोरी, दोन डायपरांच्या मधल्या वेळात वाचून होईल अशी.

पहिला धक्का काळा-हिरवा

बाळाची पहिली शी डांबरासारखी असते : काळपट हिरवी, चिकट, पुसता पुसत नाही. घाबरू नका. पोटात असताना गिळलेलं गर्भजल, आतड्याच्या पेशी, पित्त असा नऊ महिन्यांचा साठा तो. आणि गंमत म्हणजे, तिला जवळपास वासच नसतो. आईचं दूध सुरू झालं की चार-पाच दिवसांत रंग पिवळा होतो आणि शी पातळ, दाणेदार दिसते. ‘जुलाब लागले की काय’ म्हणून नवे बाबा इथेच डॉक्टरांना पहिला फोन लावतात. खरा फोन करायचा तो शी पांढरट दिसली किंवा तिच्यात रक्त दिसलं तर.

सहाचा आकडा

‘दूध पुरतंय ना गं त्याला?’ या प्रश्नाचं उत्तर डायपरमध्ये असतं. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा डायपर चांगला ओला होत असेल, तर सहसा दूध पुरतंय. काही डायपरांवर पुढे पिवळी रेघ असते, ती ओल लागली की निळी होते. त्या रेघेतला रंग आम्लता बदलली की पालटतो. शाळेतल्या लिटमस कागदाची आठवण झाली ना? तत्त्व तेच.

शॉवरचा पडदा कापला आणि...

मॅरिअन डोनोव्हन ही अमेरिकेतली आई ओले लंगोट आणि त्यापायी भिजलेल्या चादरी बदलून वैतागली होती. 1946 मध्ये तिने बाथरूममधला शॉवरचा पडदा उतरवला, कापला आणि मशीनवर शिवून लंगोटावर घालायचं पाणीरोधक आवरण तयार केलं. पुढे पडद्याऐवजी पॅराशूटचं नायलॉन आलं आणि सेफ्टी पिनांच्या जागी टिचबटणं. कारखानदारांनी नाक मुरडलं. मग 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यू’ या बड्या दुकानात तिने स्वतःच माल ठेवला आणि तो हातोहात खपला. 1951 मध्ये पेटंट मिळालं आणि हक्क 10 लाख डॉलरना विकले गेले. त्याउलट बिचारा वॉल्टर हंट! ज्या सेफ्टी पिनेवर पिढ्यान्‌पिढ्या लंगोट टिकले, तिचं 1849 मधलं पेटंट त्याने अवघ्या 400 डॉलरना विकून टाकलं होतं.

आजोबाही वैतागले

व्हिक्टर मिल्स हे ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’मधले केमिकल इंजिनिअर. नातवंडांचे लंगोट बदलायची वेळ आली आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही. ऑफिसात जाऊन त्यांनी हाताखालच्या लोकांना कामाला लावलं. त्यातून निघालेला ‘पॅम्पर्स’ 1961 मध्ये इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावात विक्रीला आला, नगाला 10 सेंट. लोक म्हणाले, वस्तू झकास, पण परवडत नाही! किंमत उतरवल्यावरच गाडी रुळावर आली.

चिमूटभर मिठाची जादू

डायपरच्या पोटात साखरेसारखी दिसणारी पावडर असते : सोडियम पॉलिॲक्रिलेट. शुद्ध पाणी ती स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषते. शू खारट असल्यामुळे तिथे ही ताकद बरीच कमी पडते, तरी काम भागतं. नवा डायपर कापून पावडर वाटीत काढा, पाणी ओता, घट्ट जेली होईल. आता चिमूटभर मीठ टाका. जेलीचं पुन्हा पाणी! (प्रयोग बाळापासून लांब करा. पावडर नाकातोंडात जाता कामा नये.) पाणी शोषणाऱ्या अशा पदार्थांवरचं एक महत्त्वाचं संशोधन अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चवर झालं. ती प्रयोगशाळा कुठली? त्याच पिओरियातली! आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने याच जातकुळीतलं ‘पुसा हायड्रोजेल’ काढलं. ते कोरडवाहू शेतात मुळांपाशी ओल धरून ठेवतं.

अंतराळवीरांचीही तीच अडचण

पिओरियात डायपर आला त्याच 1961 मध्ये ॲलन शेपर्ड हा अमेरिकेचा पहिला अंतराळवीर यानात बसून उड्डाणाची वाट पाहत होता. उड्डाण जेमतेम पंधरा मिनिटांचं, म्हणून शूची सोयच केलेली नव्हती. पण उड्डाण तासन्‌तास लांबलं आणि शेवटी पठ्ठ्याने पोशाखातच उरकलं. आज यानाबाहेर सहा-सात तास काम करणारे अंतराळवीर पोशाखाखाली चक्क मोठ्यांचा डायपर घालतात.

आजीचं ‘शूऽऽ’

आपल्या आज्यांना यातलं काहीच लागलं नाही. जुन्या सुती साडीची बाळुती आणि दोन पावलं, बस्स. आजी पाटावर बसते, पावलांमध्ये फट ठेवून त्यावर बाळाला बसवते, त्याची पाठ आपल्या नडग्यांना टेकवते आणि ‘शूऽऽ शूऽऽ’ सुरू करते. थोड्याच वेळात काम फत्ते! रोज तोच आवाज, तीच बैठक, मग बाळाला सवय लागते. व्हिएतनाममध्ये आया याच कामासाठी शिट्टी घालतात. आजी दूध पाजल्यावर लगेच बसवते, त्यालाही शास्त्र आहे. दूध पोटात पडलं की मोठं आतडं हलायला लागतं. दूध पाजून नवाकोरा डायपर चढवला रे चढवला की बाळ तो का भरतं, तेही आता कळलं असेल.

कारंज्यापासून बचाव

डायपर उघडला, गार हवा लागली की मुलगे हमखास कारंजं उडवतात. आधीच वर एक फडकं टाका. मुलगी असेल तर नेहमी पुढून मागे पुसा, म्हणजे शीतले जंतू लघवीच्या जागी जात नाहीत. आणि एक हात कायम बाळावर. ‘अजून पालथं पडत नाही हो’ म्हणणाऱ्यांचीच बाळं पलंगावरून खाली येतात.

बाबा, तुम्हीसुद्धा

डायपर बदलायची फळी फक्त बायकांच्या स्वच्छतागृहात, हे चित्र बदलायला अमेरिकेला कायदा करावा लागला. ऑक्टोबर 2016 मध्ये बराक ओबामांनी त्यावर सही केली. लोकांसाठी खुल्या असलेल्या केंद्र सरकारी इमारतींत पुरुषांच्या स्वच्छतागृहातही ही सोय हवी, असं तो सांगतो. आपल्या मॉलमध्ये बाबा अजूनही बाळाला घेऊन गाडीच्या मागच्या सीटवर कसरत करताना दिसतात.

आजोबांचे जास्त, नातवाचे कमी

जपानमध्ये जन्म इतके घटले आणि म्हातारी माणसं इतकी वाढली, की ‘ओजी होल्डिंग्ज’ या कंपनीने 2024 मध्ये देशातल्या विक्रीसाठी बाळांचे डायपर बनवणं थांबवलं आणि मोठ्यांच्या डायपरांकडे मोर्चा वळवला.

शेवटचा हात कुणाचा?

आईचे हात सुटावेत, आजोबांचे हात सुटावेत म्हणून एवढी धडपड झाली. पण वापरलेला डायपर कुणाच्या तरी हाती पडतोच. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने म्हणून साधी युक्ती लोकांसमोर ठेवली : डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या ताईंना न उघडता कळेल. शी आधी संडासात टाका, डायपर घट्ट गुंडाळा, ठिपका काढा. पाच-दहा सेकंदांचं काम. आणि हो, त्यानंतर स्वतःचे हात साबणाने धुवा. बाळ उठलंय!